एकाच कापातले दोन गालिचे

बुरुल : अहो अक्का, वाटी इकडे आहे! चहा सतरंजीवर ओतताय तुम्ही.

अनिपा : सांडू दे गं, सतरंजी काय बुडत नाही. एका डोळ्याने वाटी जवळ दिसते, दुसऱ्याने लांब. दोघांचं जमत नाही, नव्या जावांसारखं.

बुरुल : आपलं जमलं की!

अनिपा : आपल्याला सासूबाई होत्या ना, दोघींनी मिळून शिव्या घालायला. बरं, ते काखेत काय गुंडाळून आणलंस?

बुरुल : सासूबाईंचा शिरदक गालिचा.

अनिपा : तुझ्या भिंतीवरचा? आणि तो का उतरवला?

बुरुल : उद्या तो गालिचेवाला येतोय. जुना माल बघतो, पण सुटा घेत नाही, जोडी मागतो. हा माझा. आता तुमचा काढा.

अनिपा : वेड लागलंय का तुला? तू या घरात आलीस त्या उन्हाळ्यात त्यांनी कापला होता तो. लोकरीचा लाल नमदा खाली, काळा वर, आणि एकाच सुरीने दोन्ही. लालातली शिंगांची नक्षी काळ्यात बसवली, काळ्यातली लालात. एक थोरलीला, एक धाकटीला. अशी वस्तू विकतात?

बुरुल : मग दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू कशाने काढणार? पहिल्याला गाय विकावी लागली. तुमचा एर्मेक तिकडे मॉस्कोत लोकांच्या दारातला बर्फ उपसतोय, त्या पोराने धाडून धाडून किती धाडावं?

अनिपा : एक डोळा पुरे मला.

बुरुल : पुरे म्हणे!

अनिपा : खरंच सांगते. पट्टी काढली त्या दिवशी घरी येताना गाडीतून तलाव दिसला. इतका निळा असतो तो, हे मी विसरूनच गेले होते बघ. मला वाटत होतं, जग म्हातारं झालं, मळलं. ते माझ्याच डोळ्यात होतं. ड्रायव्हरसमोर ढसाढसा रडले. सुईत दोरा ओवता येतो, तुझ्या हनुवटीवरचा केस दिसतो. आणखी काय हवं?

बुरुल : केसाचं राहू द्या. डॉक्टर म्हणाला ना, दुसरा फार दिवस ठेवला तर तो कायमचा जाईल? परवा जिन्यावरून पडलात, तेव्हा कोण धावलं? मीच ना?

अनिपा : बुरुल, एक विचारू? खरं सांगशील?

बुरुल : विचारा.

अनिपा : काल तुझ्या नातीकडे गेले होते. तिच्या लग्नातला शिरदक अंथरला होता, मी कापलेला. कोपऱ्यातलं शिंग वाकडं आहे. चांगलं वीतभर आत वळलंय. तूच शिवलंस ना ते?

बुरुल : ...शिवलं.

अनिपा : दिसलं नाही तुला?

बुरुल : दिसलं की.

अनिपा : मग सुरी का नाही काढून घेतलीस माझ्या हातातून? सगळ्या गावाने बघितलं असेल!

बुरुल : बघू दे. भाऊजी गेले त्या हिवाळ्यात तुम्ही जेवत नव्हता, बोलत नव्हता. नमदा पुढ्यात टाकला की तेवढ्यापुरत्या उठून बसायचात. सुरी काढून घेतली असती, तर तुमच्या हातात राहिलं काय असतं? वाकडं तर वाकडं. पोरगी सुखाने नांदतेय त्यावर.

अनिपा : मेली लबाड आहेस तू.

बुरुल : आहेच. आता तुमचा गालिचा काढा.

अनिपा : थांब. आधी तुझा पसर इथे. जायचाच असला तर एकदा नीट बघू दे.

(बुरुल गालिचा उलगडते.)

अनिपा : काय लाल आहे गं हा! मुळं उकळून रंगवला होता कुरणावर, आठवतं? तुझे हात लग्नाच्या महिन्यात कोपरापर्यंत लाल. आणि घोडीचं दूध चोरून पीत होतीस तंबूमागे.

बुरुल : तुम्हीच तर आणून देत होता. आणि आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "डोळे फुटले का गं दोघींचे?"

अनिपा : बुरुल... हे कोपऱ्यातलं शिंग बघ.

बुरुल : हां, ते त्यांचं खास वळण. तुम्हीच तर मला सांगितलं होतं.

अनिपा : गावभर सांगत फिरले मी. खास वळण, सासूबाईंच्या हाताचं. अगं, नातीच्या गालिच्यावर अस्संच आहे. इथेच, आत वळलेलं. माझ्यासारखंच.

बुरुल : म्हणजे?

अनिपा : त्यांना दिसत नव्हतं.

बुरुल : ...दिवसभर सुया ओवून घ्यायच्या आपल्याकडून.

अनिपा : आपण ओढ्यावर जाऊन म्हणायचो, म्हातारी छळते. आपल्या खारट चहात मीठ दोनदा घालायच्या, आपण तोंडावर पदर धरून हसायचो. मला जवळ बोलवून तोंड चाचपायच्या. मी मान फिरवायचे गं. मला वाटायचं, काय ही गुरासारखी तपासते.

बुरुल : आपण पोरी होतो अक्का. आणि तेव्हा डॉक्टर तरी कुठे होता?

अनिपा : डॉक्टर नव्हता. आपण होतो की. एकदा तरी विचारायचं, आई, दिसतंय का तुम्हाला? एवढ्याला काय पैसे पडत होते?

बुरुल : रडू नका. नवा डोळा आहे, डॉक्टरने बजावलंय.

अनिपा : रडू दे. तू माझ्या डोळ्याच्या मागे लागलीस तरी.

बुरुल : मग उद्या त्या माणसाला काय सांगू?

अनिपा : सांग, जोडी आहे. आणि तो कोपरा दाखवू नकोस मेल्याला, भाव पाडेल.

बुरुल : म्हणजे करणार दुसरा डोळा?

अनिपा : करते बाई, करते. माझा भिंतीवरून उतरवायला हात लाव. आज दोन्ही इथेच अंथरू, आणि झोपू त्यावर दोघी जणी. एक रात्र तरी त्यांना शिव्या न घालता.