वायरीचा धूर

आमच्या पाटोद्यात रशीदभाईंचं भंगाराचं दुकान हाय. तांबं काढायला ते मागच्या अंगणात वायरी जाळायचे. त्यांच्या बायकोला, शमीमभाभीला, फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तवा मी त्यांच्यासोबत बीडला गेलतो.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी बिडी ओढतं?"

"न्हाई साहेब. पण मी वायरी जाळतो."

"त्या धुरात डायऑक्सिन नावाचं विष असतं. त्यानं कॅन्सर होऊ शकतो. पण ह्यांना त्यानंच झाला, असं सांगता येणार नाही."

रशीदभाई दुसऱ्या दिवसापासून सुरीनं एकेक वायर सोलायला बसले. बोटं कापली, पण काडी लावली न्हाई.

एका सकाळी भाभी खाटेवरून म्हणाली, "अजी, अब तो खिडकी खोलो."

अंगणाकडची ती खिडकी धुरापायी कायम बंद असायची. रशीदभाईंनी ती उघडली अन् गज धरून ढसाढसा रडले.