पालथा दगड

—त्या उभ्या दगडाला नको टेकूस, पोरी, ते माझे आजेसासरे. फार तापट होते म्हणतात. या पालथ्यावर बस. बस गं, दगड पालथा आहे तोवर नुसता दगडच.

तर काय विचारत होतीस—किती जुने? तो मधला, वर वरुणदेव नि मासे कोरलेला, तो कुठल्याशा राण्याच्या बायकोनं बसवला, राणा लढाईत पडला तेव्हा. तू चंब्याच्या संग्रहालयातली, तुला जास्त ठाऊक. आम्हाला एवढंच माहीत—माणूस अवेळी गेला की त्याला तहान लागते. मग त्याचा दगड कोरायचा, झऱ्याच्या तोंडाशी उभा करायचा, घरच्या बाईनं पहिली ओंजळ घालून नाव घ्यायचं. की तो सुटला. मग त्याची वाट पाहायची नाही—

पाणी ना? होतं की, भर जेठाच्या उन्हातसुद्धा मनगटाएवढी धार. मग विजेसाठी खाली डोंगरात बोगदा पाडायला घेतला आणि इथलं पाणी गेलं. कुठं गेलं? बोगद्यातच, आणखी कुठं जाणार? माझा केहरू तिथं कामाला होता. म्हणायचा, आई, आत गुडघाभर पाणी असतं, चव अगदी आपल्या झऱ्याची; तू उगाच घागर घेऊन वर चढतेस, मीच डब्यातून आणतो. चेष्टेखोर फार—एक दिवस आतलं पाणी फुटलं. बाकीची पोरं बाहेर आली. मोठ्या साहेबांनी थोडे दिवस शोधलं, मग बोगद्याचं तोंड बुजवून टाकलं.

त्याच्या बापानं हिवाळाभर दगड कोरला. रीतीप्रमाणं माणूस घोड्यावर बसलेला कोरायचा असतो, पण केहरू घोड्याला भ्यायचा, म्हणून हातात बॅटरी दिली, डोक्यावर ती कामावरची टोपी. असं लोक सांगतात. मी पाहिला नाही. बाप म्हणतो, बसवू या, पोरगं तहानलंय. मी म्हणते, पाण्यात गेला तो, तहानेल कसा? तर म्हातारा म्हणतो, बुडालेल्याला सगळ्यात जास्त लागते. असेलही. पण झरा आटलाय, कोरड्या झऱ्यावर दगड बसवत नाहीत, हे तर त्यालाही कबूल आहे. पंचांनाही. पाणी आलं की बसवू, मी कुठं नाही म्हणते—

अगं, उठलीस का? बस. इतका वेळ बसलीसच ना.

ती बाटली कशाला काढलीस?

घोटभर असेल, ओंजळभर असेल, मला नको. रीत मी तुला सांगितली, तू मला सांगू नकोस. हात लावू नकोस त्याला—मी सांगते ना, पालथा आहे तोवर नुसता दगडच आहे तो. झाकण लाव. लाव आधी.

जा आता. वळणावर तुझी बस वाजतेय.