अंगणातलं सरपण

आरमोरीच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते. त्यातला एक जंगलखात्यातून गार्ड म्हणून नुकताच रिटायर झालेला.

"खुशालभाऊ, इतके वाळले काऊन?"

"झोप लागत नाई, लहानूभाऊ."

"आता कायची चिंता? आपल्या गावी आरामात राहा."

"गावातच तं भेव लागते. तिथल्याच लोकायच्या कुऱ्हाडी जप्त केल्या, लाकडानं भरल्या बैलबंड्या धरल्या. तवा अंगात खाकी होती."

"जुनं कोन ध्यानात ठेवते?"

"गावातला मुखरू रोज सकाळी येते."

"भांडाले?"

"नाई. माह्या आंगनात सरपन फोडाले. म्या सांगतलं नाई, तो पैसे घेत नाई. फोडते, रचून ठेवते, रामराम करते अन् जाते."

"मंग चांगलाच मानूस हाये."

"त्याची बंडी म्याच धरली होती. केससाठी त्याले बैल विका लागले."

"त्याचं काई बोलते?"

"कधीच नाई. मी आतून कडी लावून कुऱ्हाडीचा आवाज ऐकत बसतो."

"आज आला होता?"

"आला. म्हने, कुठी चालले भाऊ? म्हटलं, नागभीडले पोरीकडे, दोन दिवस. तं माही पेटी डोक्यावर घेऊन मोटरपर्यंत आला. म्हने, दोन दिवसाले पेटी बहुत जड हाये."

"मंग?"

"मोटर सुटली तं म्हने, लवकर या भाऊ, सरपन बाकी हाये."

"मंग कधी परतता?"

"नागभीडची गाडी लागली, लहानूभाऊ. पेटीले जरा हात लावा."