सतरा पांढऱ्या उंदरांबाबत

माझे नाव नीलांबरी मार्तंड उपाध्ये, वय २२ वर्षे, धंदा शिक्षण, मूळ राहणार सोनई, तालुका नेवासे, हल्ली राहणार माळावरील झोपडी नंबर ४१, नगर. आज तारीख १७ फेब्रुवारी १९४७ रोजी ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते ती हकीकत अशी.

मी बी. एस्सी. पास असून कॉलेजात संशोधन करते. रेशनच्या धान्यावर जीव कसा वाढतो हे पाहण्यासाठी पेठेतल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे चोवीस पांढरे उंदीर होते. दाणे, पाणी, भुसा बदलणे, रोज वजन करणे ही कामे मीच करीत असे. उंदीर घाबरला की वजनाची नोंद खोटी पडते, म्हणून त्याला आधी हातात ऊब द्यावी लागते. लोक याला खुळेपणा म्हणतात. म्हणोत.

जानेवारीअखेर आमच्या पेठेत घरोघर उंदीर मरून पडू लागले. प्लेगच्या भीतीने सर्व लोक माळावर झोपड्या घालून राहिले आणि आरोग्य खात्याने घरांना कुलपे लावली. आमचे प्राध्यापक आबासाहेब कुटुंबासह पुण्यास गेले. जाताना मला चिठ्ठी देऊन म्हणाले, "जमेल तेवढं बघ." त्या चिठ्ठीवर नाक्यावरचे पहारेकरी चांदभाई मला रोज सकाळी तासभर आत सोडीत व प्रयोगशाळेचे कुलूप काढून देत. रिकाम्या पेठेत मी एकटीच असे. उंदरांशी बोलत असे, हेही लिहून घ्यावे.

माळावर मी मामा-मामींच्या शेजारी राहते. मी उंदरांत जाते हे कळल्यावर मामींनी माझे ताट दाराबाहेर ठेवण्यास सुरुवात केली. बायका मला पाहून नळावरून बाजूला होत. वडिलांचे सोनईहून पत्र आले की, इतक्यात घरी येऊ नकोस, धाकटी भावंडे आहेत. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. मला वाईट वाटले एवढेच.

तारीख ११ रोजी चिठ्ठ्या रद्द झाल्या. चांदभाई म्हणाले, "बाई, माझ्या हातात काय न्हाई आता." मी चार दिवस रोज नाक्यापर्यंत जाऊन परत आले. पाण्याच्या बाटल्या दीड दिवस पुरतात हे मला माहीत होते.

तारीख १५ रोजी सकाळी साडेदहा वाजता आरोग्य खात्याचे मुकादम सूर्यभान दोन माणसांसह नाक्यावर आले. पेठेतले सर्व उंदीर मारण्याचा हुकूम त्यांच्याकडे होता. हुकूम चुकीचा होता असे माझे म्हणणे नाही. पिसवा पांढरे-काळे पाहत नाहीत. परंतु ही माणसे उंदीर पोत्यात भरून काठीने मारतात, हे मी नाक्यावरून पाहिले होते. मी त्यांच्यामागून नाक्यावरच्या दोरीखालून आत शिरले. त्यांनी प्रयोगशाळेचे कुलूप काढताच मी पुढे होऊन आत गेले आणि आतून कडी लावली.

सात उंदीर मेलेले होते. सतरा जिवंत होते. मी आधी त्यांना पाणी पाजले व दाणे घातले. सूर्यभान बाहेरून म्हणाले, "ताई, दार उघडा. आमाला वरून ईचारत्यात. सुक्यासंगं वल्लं बी जळतंय, काय करता?" मी म्हटले, "मीच संपवते, पण माझ्या हाताने. दोन तास द्या." ते म्हणाले, "हुकमात तसं न्हाई." त्यांनी दार वाजवले, पण तोडले नाही.

एकाने दुसऱ्याचे मरण पाहू नये म्हणून पिंजऱ्यांवर कापड टाकले. आता कसलीही नोंद घ्यायची नव्हती, तरी टाकले. एकेकाला हातात घेऊन, तो शांत झाल्यावर, बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा घालून त्याला आत ठेवले. सोळा झाल्यावर क्लोरोफॉर्म संपला. सतराव्याची मान मोडावी लागली. तशी रीत शिकवलेली आहे. उंदराला काही कळत नाही असे पुस्तकात म्हटले आहे. त्याला कळले नसावे.

पाऊण वाजता मी दार उघडले. सरकारी कामात दोन तास अडथळा केला हे मला कबूल आहे. मला कोणाची फूस नव्हती. चांदभाईंचा यात दोष नाही. कॉलेजातून नाव काढणार असल्याचे कळले आहे, त्यावरही माझे काही म्हणणे नाही.

मी पायरीवर बसले. मला वाटले सूर्यभान रागावतील. ते माझ्याजवळ, त्याच पायरीवर बसले. म्हणाले, "सकाळधरनं काय खाल्लंय का न्हाई?" आणि त्यांनी आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली. सतरा दिवसांत माझ्याशेजारी कोणी बसले नव्हते. मी तिथेच मोठ्याने रडले.

जबाब लिहून घेणाऱ्या जमादारसाहेबांनी मजकूर वाचून दाखवला. शेवटची भाकरीची हकीकत गुन्ह्याशी संबंधित नाही, गाळू या, असे ते म्हणाले. मी ती राहू द्या म्हटले. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून सही करते.

नीलांबरी मार्तंड उपाध्ये