निळूतात्यांच्या टीव्हीतला बोलका माणूस

मंडळी, सावकाश बसा. मागच्यांनो, जरा पुढं सरका — मारुतीराया कुणाला चावत नाही!

आज प्रश्न साधाच आहे. आपल्याला एक पत्र आलं आणि आपण उत्तर दिलं नाही — हे पाप, की नुसता आळस? आळस म्हणता? बरं. पण समजा, आळस नव्हताच. संशय होता! 'हे पत्र खोटं आहे' असं वाटलं, म्हणून माणूस गप्प बसला. मग त्याला शहाणा म्हणायचं की पापी?

खरं सांगतो, मलाही नक्की ठाऊक नाही. दोन पुस्तकं उघडली, तर दोन उत्तरं मिळाली. म्हणून म्हटलं, गोष्टच सांगावी. चुकलो तर तुम्ही आहातच!

तर ऐका. वडूजला एक गृहस्थ होते, नीळकंठ धर्माधिकारी. सगळे त्यांना निळूतात्या म्हणत. चाळीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल. पुस्तक नेणाऱ्यानं रजिस्टरात सही करायची, आणि तात्यांनी ती चष्म्याआडून पाहायची — असा चाळीस वर्षांचा नेम! त्यामुळं गावातलं प्रत्येक अक्षर त्यांच्या ओळखीचं. सही पाहून सांगायचे, "ही तुझी नाही, तुझ्या भावाची आहे. पुस्तक ठेव खाली!" आणि ते चुकत नसत. इथंच तर घोटाळा झाला, मंडळी! कधीच न चुकणारा माणूस चुकला, की फार मोठा चुकतो.

तात्यांना मित्र एकच. भास्कर कोपर्डेकर, शाळामास्तर. बदली होईल तिथून मास्तरांचं महिन्याला एक पत्र यायचं. दोघांनी एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर पत्रातून भांडायचं! फोन नाही. मास्तर म्हणायचे, "फोनवर माणूस विचार करत नाही, नुसता बोलतो." एकतीस वर्षं हे चाललं. मग मास्तर मुलाकडं बडोद्याला गेले. पत्रं तुटक झाली. अक्षर वाकडं झालं. मग सहा महिने काहीच नाही.

आणि एके दिवशी पाकीट आलं!

तात्यांनी ते उघडलं, आणि पहिली ओळ वाचायच्या आत त्यांचा चेहरा उतरला. अक्षर मास्तरांचं नव्हतं! गोल, टपोरं, कुणा तरुण बाईचं. वर नवा पत्ता. खाली नवा फोन नंबर. आणि आत काय लिहिलेलं?

"निळ्या, पुस्तकं मी हल्ली बाजूला ठेवली आहेत. तू घरी तो नेटवरचा टीव्ही घे. फार अवघड नाही. टीव्हीवर सहा आकडे येतील, ते फोनमध्ये घालायचे, की झालं. दर शनिवारी पाच वाजता मी इथं सिनेमा लावतो, तू तिथं तोच लाव. मग पूर्वीसारखं लिहू. इथं बरं आहे. मी मान मागं टाकून बसतो, एक माणूस सगळं सांगत असतो. उत्तर लवकर पाठव."

"मंदा!" तात्या ओरडले. मंदाकाकू, त्यांची बायको, पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "फसवणूक! भास्करच्या नावानं कुणीतरी जाळं टाकलंय!"

"कशावरून?"

"अक्षर त्याचं नाही. पत्ता नवा. नंबर नवा. भास्कर पुस्तकं बाजूला ठेवणार? अगं, जेवताना डाव्या हातात पुस्तक असायचं त्याच्या! आणि आकडे घाला म्हणे! बँकेतला साहेब कंठशोष करून सांगतो, आकडे कुणाला देऊ नका!"

"पण निळ्या म्हटलंय की. तुम्हाला निळ्या म्हणणारं दुसरं आहे कोण?"

"हल्लीच्या चोरांना सगळं ठाऊक असतं!"

आता बघा मंडळी, यातलं काय चुकलं त्यांचं? आकडे मागणाऱ्याचा संशय यायलाच हवा! उद्या कुणी फोन करून आकडे विचारले, तर देऊ नका हो — नाहीतर म्हणाल, बुवांनी कीर्तनात सांगितलं होतं!

"अहो, त्या नंबरावर फोन तर करा," काकू म्हणाल्या.

"म्हणजे चोरालाच विचारू, बाबा तू चोर का?"

"मग चार ओळी लिहा. 'भास्करा, हे तूच लिहिलंस का?' एवढंच."

"आणि माझा पत्ता त्यांना पक्का करून देऊ?"

पत्र कपाटात गेलं. पण संशय कपाटात राहतो का हो? तो बाहेर आला! आधी म्हणाला, पत्र खोटं. मग म्हणाला, खरा भास्कर तुला विसरला. शेवटी म्हणाला, एकतीस वर्षांची मैत्री तरी खरी होती कशावरून! तात्या रोज पोस्टमनची वाट पाहायचे आणि तो पुढं गेला की म्हणायचे, "बघ, खरा भास्कर असता तर एव्हाना दुसरं पत्र टाकलं असतं." म्हणजे आपण उत्तर द्यायचं नाही, आणि समोरच्यानं पुन्हा लिहिलं नाही म्हणून रुसायचं! हसू नका. आपल्याही घरी हेच चालतं.

सात महिने गेले. आणि काकूंचा टीव्ही बिघडला.

गावात केबलचा धंदा नसीम मुलाणी चालवायची. बाई मोठी चलाख. ती म्हणाली, "काकू, आता सगळं नेटवर आलंय. मी लावून देते." तात्यांनी कपाळाला हात लावला! पण काकू म्हणाल्या, "तुम्ही चाळीस वर्षं वाचलंत, मी काही म्हटलं? आता मी बघणार."

नसीमनं भिंतीवर नेटचा डबा लावला. त्याचे दिवे लुकलुकले. तात्या म्हणाले, "हा आपलं बोलणं ऐकतो का?" नसीम म्हणाली, "तात्या, तुमचं काकू ऐकत नाहीत, हा कशाला ऐकेल?" मग टीव्हीवर सहा आकडे आले. तात्या मधे उभेच राहिले! "थांब! हे कुणाला जाणार?"

"कुणालाच नाही. आकडे आपल्याच टीव्हीवरचे, आपल्याच फोनात घालायचे. हा टीव्ही या घरचा, एवढंच कळण्यासाठी. कुणी फोन करून मागितले तर मात्र सांगायचे नाहीत."

तात्या थोडे चपापले. पत्रातही असंच काहीसं होतं. पण संशय मोडला नाही. मग टीव्हीनं विचारलं — कोण पाहत आहे?

"बघितलंस? चौकशा सुरू झाल्या!"

हा प्रश्न आमचा वेदान्तही विचारतो, बरं का. पण काकूंना वेदान्ताची घाई नव्हती. त्यांनी नावाच्या जागी 'मंदा' घातलं, चित्र म्हणून मोर निवडला आणि बसल्या.

नसीम गेली. दुपारचे तीन वाजले होते. काकूंनी एक हिंदी सिनेमा निवडला. का निवडला? तर चित्रात गाय होती. "गाय आहे म्हणजे घरात बघण्यासारखा असेल." मग आवाज वाढवायला रिमोटवर इथं दाबलं, तिथं दाबलं. सिनेमा सुरू झाला. तात्या मागच्या खुर्चीत, टीव्हीकडं पाठ करून, पुस्तक उघडून बसले. त्यांना पाहायचंच नव्हतं! थोड्या वेळानं उठले. चष्मा सापडेना म्हणून टेबल चाचपू लागले.

आणि टीव्हीतून एक माणूस धीरगंभीर आवाजात म्हणाला — "बूढ़ा आदमी कुर्सी से उठता है."

तात्या थिजले.

"इधर-उधर चश्मा टटोलता है."

"मंदा!"

काकूंनी वळून त्यांच्याकडं पाहिलं.

"औरत उसे घूरती है."

मंडळी, काय झालं असेल त्या घरात! तात्यांनी पलंगावरची चादर ओढली आणि टीव्हीवर टाकली. पण आतून आवाज चालूच! "बूढ़ा घबरा जाता है." तात्या ओरडले, "चादरीतूनही दिसतं याला! बोलाव त्या नसीमला!"

नसीम धापा टाकत आली. चादर काढली, क्षणभर ऐकलं, आणि पोट धरून हसली. "तात्या, तो तुमच्याबद्दल बोलत नाही! सिनेमातला म्हाताराही चष्मा शोधतोय, बघा!" खरंच, पडद्यावर एक म्हातारा चष्मा शोधत होता आणि त्याची बायको डोळे वटारत होती.

"पण हा मधे बोलणारा कोण?"

"काकूंकडून बटण दाबलं गेलं. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी असतं हे. पडद्यावर काय चाललंय ते एक माणूस सगळं सांगत असतो. आंधळ्या माणसानं नुसतं मान मागं टाकून ऐकायचं. बंद करते, थांबा."

"थांब," तात्या म्हणाले. "बंद नको करू."

ते कपाटाकडं गेले. पत्र काढलं. उभ्यानं वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. मी मान मागं टाकून बसतो, एक माणूस सगळं सांगत असतो. पुस्तकं मी हल्ली बाजूला ठेवली आहेत.

"मंदा," ते म्हणाले, "भास्करला दिसत नाही गं. हे त्यानं सांगितलं आणि सुनेनं लिहिलं. डोळे गेले हे तोंडानं म्हणवलं नाही त्याच्यानं. मास्तर ना तो."

काकूंनी पत्र त्यांच्या हातातून घेतलं आणि पुन्हा पाहिलं.

"चाळीस वर्षं मी वाचत आलो. आणि हे पत्र वाचलंच नाही. नुसतं अक्षर पाहिलं!"

मंडळी, सात महिन्यांत शनिवार किती येतात? तिकडं बडोद्यात एक आंधळा मास्तर दर शनिवारी पाचला खुर्चीत बसत असेल. सून सिनेमा लावत असेल. संपला की तो विचारत असेल, "निळ्याचं काही आलं?"

तात्या कागद घेऊन बसले. पेन उचललं, ठेवलं. "काय लिहू? तुला चोर समजलो, असं लिहू?"

"तेच लिहा," काकू म्हणाल्या.

"सून वाचून दाखवणार. तिच्यासमोर?"

"तिच्या अक्षरालाच तर चोर म्हणालात. कळू दे की तिलाही."

बघा! हिला कीर्तनाला उभं करायला हवं होतं, माझ्या जागी!

तर प्रश्नाचं उत्तर मिळालं का? मला वाटतं — वाटतं म्हणतो हं — संशय येणं हे पाप नाही. दारावर थाप पडली तर कडी काढण्याआधी 'कोण आहे?' म्हणावंच. पण तात्यांनी 'कोण?' विचारलंच नाही! आतल्या आत उत्तर ठरवलं आणि दिवा मालवून बसले. एक ओवी जुळवली आहे, माझीच आहे, बेताची आहे, सांभाळून घ्या —

दारी आला त्यासी । विचारावे नाव ।
मग द्यावा ठाव । वा निरोप ॥

आता तुमच्याकडं वळतो. मान खाली घालू नका! कुणाची भावजय दोन वर्षं बोलली नाही — का, ते विचारलंत? कुणाचा मित्र लग्नाला आला नाही — तो आजारी होता का, विचारलंत? नाही! ठरवून टाकलंत. नवं यंत्र आलं, नवी सून आली, नव्या अक्षरातलं पत्र आलं — आपण आधी गुन्हा ठरवतो आणि मग पुरावा गोळा करतो. आणि पुरावा काय, मिळतोच हो! तात्यांनाही भरपूर मिळाला होता. प्रत्येक पुरावा खरा होता, निकाल तेवढा खोटा!

तात्यांनी सगळं लिहिलं. चोर समजलो, तेही लिहिलं. सुनेची माफी मागितली. मग शनिवारी बरोबर पाचला तो गायीचा सिनेमा लावला आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. मधे दोनदा डोळे उघडावेसे वाटले, उघडले नाहीत. आणि शेवटी लिहिलं, "भास्करा, तुझा तो बोलणारा माणूस नको तिथं फार बोलतो आणि गाय हंबरली तेव्हा नेमका गप्प बसतो. तूही तो ऐक आणि सांग, तुझं काय मत? भांडायला तयार आहे. पुढच्या वेळी कुठला लावू, ते कळव."

सोमवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच तात्या दारात उभे. पाकिटावर पत्ता तोच, जो सात महिने त्यांना खोटा वाटत होता. पेटीशी गेले, पाकीट आत सरकवलं — आणि सोडलं!