बसून फोडायची खडी

सरकार मायबाप असतं, आन मायबापाला लेकरातलं धड कोण, अधू कोण, हे बघताक्षणी कळतं, असं दुष्काळी कामावरचा कारकून सांगायचा. माझ्याबाबतीत त्यानं पायाकडं बघितलं. काम हाताचं हुतं.

आमी धनगर, दुधनीकडचे. लहानपणी ताप आला आन डावा पाय लाकडावानी झाला. पर काय सांगू तुमाला, मेंढी मांडीखाली दाबून कातरायला माझ्यासारखा गडी पंचक्रोशीत न्हवता. आमच्यात राखणीच्या कुत्र्याला बी फुकट भाकरी न्हाय, तितं मला कोण बसवून खायाला घालतंय. मग ते साल आलं, पाऊस न्हाय, चारा न्हाय, मेंढरं गेली, आन आमी नवरा-बायको सोलापूरच्या वाटंवर सरकारी कामाला आलो, रस्त्याची खडी फोडायला. खडी समदी मान्सं बसूनच फोडत्यात, हे बी सांगून ठेवतो. कारकुनानं बायकोचं, निंगव्वाचं नाव कामावर लावलं, आन माझ्या नावापुढं लिवलं, कामास निरुपयोगी, फुकट जेवण. मी म्हनलं, रावसाहेब, हात बघा की. तो म्हनला, नियमात लंगडा आहे, लंगड्याचे हात नाहीत. जा त्या छपरात, बस आणि खा.

छपरात एक आंधळा म्हातारा हुता, तो म्हनला, या जावईबापू, सासरवाडीत सोय झकास हाय. चार दिस खाल्लं. पाचव्या दिशी खरडत निंगव्वाच्या ढिगापाशी गेलो.

मग निंगव्वानं उन्हाला आडोसा म्हनून काठ्यांवर घोंगडं बांदलं. तितं मागं मी बसायचो आन हातोडा माझ्याकडं. मुकादमाला ठावं हुतं, तो म्हनायचा, लंगड्या, ढीग लई वाढवू नगंस. ऐकलं न्हाय. लई दिसांनी हात मोकळं सुटलं हुतं.

एक दिस गोरा साहेब घोड्यावरनं आला. मी हातोडा निंगव्वाकडं सरकवला आन आडवा झालो. साहेब तिचा ढीग बघून खाली उतरला. समद्या बायांना गोळा केलं, आन साहेबाचं बोलनं कारकुनानं मराठीत सांगितलं, ही एकटी बाई एवढी फोडते, मग तुम्हालाच काय धाड भरली? उद्यापासून प्रत्येकीनं एवढीच फोडायची, नाहीतर मजुरी कापू.

शेजारी कोंडाबाई हुती, अंगावर पितं पोर. घोंगड्यामागचं तिला ठावं हुतं, समद्या बायांना ठावं हुतं. एक बी बोलली न्हाय. बोलायचं मीच हुतं. साहेब, फोडनारा मी, एवढंच. पर माझं जेवन जाईल, निंगव्वाचं नाव कापतील, म्हनून मी पाय आवळून पडून ऱ्हायलो. अगदी सरकारनं लिवलं तसा.

सांजच्याला कोंडाबाई म्हनली, भाऊ, आता माझी बी फोड की. फोडली. पर दोन हात किती जनींची फोडनार? कोंडाबाईची मजुरी कापली, आन पंधरा दिसांनी ती पोर पाठीला बांदून टेंभुर्णीकडं माहेरी चालत गेली. पोराचं पुढं काय झालं मी इचारलं न्हाय. खरं सांगतो, इचारायला भ्यालो.

आता केस पिकलं. त्याच वाटंच्या कडंला ऱ्हातो, निंगव्वा हाय, चार शेरडं हायत. ती त्यातलं कदी बोलून दाखवत न्हाय, मी बी इषय काडत न्हाय. लोक म्हनत्यात, सरकारनं दुष्काळात जगवलं, देव त्याचं भलं करो. मी बी म्हनतो, करो बाबा.

रस्ता काय झाला न्हाय. खडी तितंच हाय. शेरडं चढून बसत्यात.