अस्वल येऊन राहिलं

आमच्या केतकी मॅडमले वऱ्हाडी कोनं शिकवली, सांगू? अस्वलानं.

मॅडम पुण्याच्या. बदली होऊन अमरावतीले आल्या आन् आमच्या ग्रुपात शिरल्या. आमी सुट्टीच्या दिवशी मेळघाटात फिरतो, कोनतं जनावर कुठं दिसलं त्याची नोंद ठेवतो. हौसेचं काम, पगार नाई. पन मॅडमले साधं वारूळ दिसलं तरी सतरा प्रश्न पडत.

त्या दिवशी चिखलदऱ्याखालच्या एका नाल्यात ताजं फोडलेलं वारूळ दिसलं. मॅडम वाकून फोटो काढून राहिल्या होत्या. तेवढ्यात आमचे गजूभाऊ हळूच म्हनाले, "मॅडम, अस्वल येऊन राहिलं."

मॅडम खूश. "अय्या, इथे? किती दिवस राहिलं?"

"अवो, राहिलं नाई, येऊन राहिलं!"

"हो, पण आल्यावर राहिलं कुठे?"

गजूभाऊनं नुसतं बोट दाखवलं. नाल्याच्या वळनावर अस्वल मागच्या पायांवर उभं होऊन आमच्याकडंच पाहून राहिलं होतं.

मंग पुनं काय आन् वऱ्हाड काय, सारे एकाच भाषेत बोंबलत पळालो.

जीपजवळ आल्यावर, धाप लागलेली असतानाही मॅडमनं विचारलंच, "म्हणजे ते येत होतं! मग गजूभाऊ, ते खरंच आपल्याजवळ येऊन राहिलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

गजूभाऊ म्हनाले, "मंग सांगाले आपल्यातलं कोनी राहिलंच नसतं, मॅडम!"